परत आलेली पत्रे आणि पेढीची पत

गेल्या वर्षी गव्हाच्या हंगामात, बऱ्हाणपुरातील आमच्या पेढीच्या नावे एके सकाळी शेकडो ई-मेल परत आले. 'पत्ता सापडला नाही' असा प्रत्येकावर शेरा. पत्रे मात्र आम्ही धाडलीच नव्हती! ज्यांना ती पोहोचली, त्यांपैकी एका अडत्याने तर आमच्याशी व्यवहारच थांबविला.

वास्तविक उलगडा साधा आहे. पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. पत्र न पोहोचल्यास टपालखाते ते त्याच पत्त्यावर परत करते. १९८२ साली ठरलेल्या ई-मेलच्या नियमांतही प्रेषकाची ओळख पटविण्याची तरतूद नव्हती. भामटे याचाच लाभ घेतात. अशा परतीवरून आपले खाते फोडले गेले असे सिद्ध होत नाही. तथापि पाठविलेल्या पत्रांची यादी तपासून पासवर्ड बदलावा हे उत्तम.

पेढीच्या नावाचे स्वतंत्र डोमेन असल्यास जाणकाराकडून एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी करून घ्याव्यात. त्यायोगे पत्र खरे की बनावट, हे घेणाऱ्या यंत्रणेस पडताळता येते. हे सारे समजावल्यावर त्या अडत्याची शंका फिटली.

हुंडी सकारण्यापूर्वी आपले वाडवडील सही पारखीत. तद्वत् 'आमचे बँक खाते बदलले' असे पत्र आल्यास, आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर विचारल्याविना सभासद बंधूंनी एक पैसाही धाडू नये.