बाल्कनीतून दिसणारा देव आनंद

मराठीत ‘नक्कल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांशी फटकून वागतात. कचेरीत नक्कल म्हणजे मूळ कागदाची हुबेहूब प्रत. रंगमंचावर मात्र नक्कल म्हणजे मूळ माणसातल्या चारच गोष्टी उचलायच्या आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, ‘ज्युनिअर देव आनंद’ असे फलक लागणाऱ्या कार्यक्रमांना प्रेक्षक पहिल्या अर्थाची अपेक्षा घेऊन जातो आणि दुसऱ्या अर्थावर खूश होऊन परततो. गेली काही वर्षं मी पुण्या-ठाण्यातले असे कार्यक्रम बहुधा सर्वांत स्वस्त तिकिटावर पाहत आलो आहे. आधी कारण खिशाचं होतं. पुढे लक्षात आलं, की ही कला नीट दिसते ती तिथूनच.

देव आनंदचंच बघा. तिरकी मान, गळ्यातला स्कार्फ, टोपी, झुलते हात आणि एका दमात सुटलेलं वाक्य. ही सगळी दुरून ओळखू येणारी चिन्हं आहेत. कलाकार विंगेतून दोन पावलं टाकतो आणि बाल्कनीतून शिट्टी येते, चेहरा धड दिसलेलाही नसतो. पहिल्या रांगेतल्या माणसाला मात्र विगची कड दिसते, घामानं ओघळलेला रंग दिसतो, कलाकाराचं खरं वयही दिसतं. आपला जुना बहुरूपी याच्या उलट होता. तो दारात, हाताच्या अंतरावर उभा राहायचा, म्हणून त्याला सोंगही पूर्ण लागायचं आणि जीभही तिखट लागायची. रंगमंचावरच्या नकलाकाराला अंतर हवं असतं.

याचा उलटा पुरावा सिनेमात मिळतो. 1991च्या ‘रामगढ के शोले’मध्ये अमजद खान स्वतः होते आणि त्यांच्या भोवती देव आनंद, अमिताभ यांचे ‘डुप्लिकेट’. कॅमेरा जवळ जातो आणि गंमत विरते. अख्खा चित्रपट तग धरत नाही, निदान माझ्या लेखी. त्यांतले किशोर भानुशाली आदल्या वर्षीच्या ‘दिल’मध्ये छोट्या भूमिकेत मात्र धमाल करून गेले होते. नक्कल थोडीच वाढावी लागते.

मग पैसे वाचवायचे कुठे? खुर्चीवर. बाल्कनीच्या पहिल्या दोन-तीन रांगांत मधली जागा मिळाली तर उत्तम. बाल्कनीच्या छताखाली येणाऱ्या तळमजल्यावरच्या शेवटच्या रांगा टाळाव्यात. तिथे वरच्या सज्जामुळे आवाज दबून येतो, आणि निम्मी नक्कल तर कानानं ऐकायची असते. 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नसतो, त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के लागतो. त्यामुळे 500 आणि 600 यांतला फरक शंभराचा नसून 208 रुपयांचा असतो. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात हेच कलाकार फुकट भेटतात, पण उघड्यावरचा ध्वनिक्षेपक एरवी रात्री दहाला बंद करावा लागतो; मध्यरात्रीपर्यंत सवलतीचे दिवस मोजकेच. घाईतला कार्यक्रम नको असेल तर ते दिवस आधी विचारून घ्यावेत.

दिनदर्शिकाही हाताशी ठेवावी. रफींची पुण्यतिथी 31 जुलैला, किशोरकुमारांची जयंती 4 ऑगस्टला, मुकेशची पुण्यतिथी 27 ऑगस्टला. या महिनाभरात कार्यक्रमांची गर्दी असते, आणि ‘प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव’ ही पाटीही याच दिवसांत जास्त दिसते. (परतीच्या रिक्षाचा खर्च तिकिटाहून जास्त होतो, तो कुणी जाहिरातीत लिहीत नाही.)

काटकसर करू नये अशी जागा एकच: वादक. जाहिरातीत वादकांचा उल्लेख नसेल, तर गाणी बहुधा कराओके ट्रॅकवर असतात. अशा एका कार्यक्रमात किशोरकुमारांच्या आवाजातला गायक यॉडलिंग रंगात आल्यावर लांबवू लागला आणि ट्रॅक त्याला सोडून पुढच्या कडव्यात निघून गेला. ट्रॅकचा ठेका ठरलेला, पट्टी ठरलेली. समोर ढोलकवाला, ऑक्टोपॅडवाला, अ‍ॅकॉर्डियनवाला बसला असेल, तर तो गायकाच्या मानेकडे बघून थांबतो. नकलाकाराची खरी करामत या थांबण्यातच असते: मूळ गाण्यात नसलेला, पण मूळ गायकानं नक्की घेतला असता असा क्षण. दहा वादकांचा कार्यक्रम बाल्कनीतून 300 रुपयांत पाहणं हे ट्रॅकवरचा कार्यक्रम पहिल्या रांगेत बसून पाहण्याहून कितीतरी पटींनी फायद्याचं.

असे मंच काहींसाठी पायरी ठरले. हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात साहेबांच्या नकला करणारे जॉन राव ‘जॉनी लिव्हर’ झाले आणि कल्याणजी-आनंदजींच्या मंचावरून पुढे गेले. शब्बीरकुमार स्टेजवर रफी गात होते, कोलकात्याचे केदारनाथ भट्टाचार्य किशोरकुमार. हे दुसरे पुढे कुमार सानू झाले. नईम सय्यद यांनी 1968च्या ‘ब्रह्मचारी’त मेहमूदच्या गाण्यावर मेहमूदचीच नक्कल केली आणि जन्मभर ज्युनिअर मेहमूद राहिले. ज्यांना पायरी मिळाली नाही, त्यांचं पोट आजही दुसऱ्याच्या नावावर चालतं.

आता या नावांवर पहारा बसू लागला आहे. 2022मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अमिताभ बच्चन यांच्या नाव-आवाज-छबीच्या विनापरवाना वापराला मनाई केली. 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजितसिंग यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध आदेश दिला. रोख व्यापारी गैरवापर आणि यंत्र यांच्यावर आहे. 2010च्या दलेर मेहंदी खटल्यात दिल्लीच्याच न्यायालयानं विडंबनाला मोकळीक असायला हवी, असंही म्हटलं होतं. तरी ज्याचा आवाज यंत्राला काही सेकंदांत काढता येतो, त्याची नक्कल घशानं करायला वीस वर्षं घालवलेल्या माणसाला आयोजक उद्या किती मानधन देईल, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेत येत नाही.

कलाकारांची खरी नावं निवेदक शेवटी सांगतो, वादकांच्या नावांबरोबर, भरभर. त्या वेळी बाल्कनीतली माणसं शेवटची बस गाठण्यासाठी जिना उतरत असतात. मी हल्ली ती नावं मध्यंतरातच ध्वनियोजनेच्या टेबलावरून लिहून घेतो.