आखूड व्हीलबेसच्या जीपमध्ये इंजिनबदल : गिअरबॉक्सच्या निवडीचा यांत्रिक विचार

प्रास्ताविक :
खडकाळ व डोंगराळ भूभागात वापरावयाच्या जुन्या जीपमध्ये अधिक शक्तीचे इंजिन बसविण्याची प्रथा अमेरिकेत अनेक दशकांपासून रूढ आहे. या बदलात चर्चा बहुधा इंजिनाचीच होते. परंतु वाहन चालेल की मोडेल हे पुष्कळदा इंजिनामागील गिअरबॉक्सवर ठरते. प्रस्तुत लेखात विलीस कंपनीने १९५३ मध्ये बाजारात आणलेल्या सीजे-३बी या जीपचे उदाहरण घेऊन या निवडीमागील यांत्रिक कारणांचा विचार केला आहे. हीच जीप महिंद्र आणि महिंद्र कंपनीने भारतात दीर्घकाळ बनविल्यामुळे महाराष्ट्रातील वाचकाला ती अपरिचित नाही.

विवेचन :
सीजे-३बीचा व्हीलबेस अवघा ८० इंच, म्हणजे सुमारे २०३२ मिलिमीटर आहे. एवढ्या अंतरात इंजिन, क्लचचे आवरण, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि मागील प्रोपेलर शाफ्ट हे सर्व सामावावे लागते. इंजिन पुढे सरकविल्यास रेडिएटर आड येतो. म्हणून गिअरबॉक्सची लांबी जितकी वाढेल, तितका मागील शाफ्ट आखूड होतो, आणि शाफ्ट आखूड झाला की त्याचा कोन वाढतो.

हा कोन केवळ बसविण्याच्या सोयीचा प्रश्न नव्हे. साध्या युनिव्हर्सल जॉइंटमधून फिरणारा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो व दोनदा मंदावतो. कोन θ असेल तर वेग मूळ वेगाच्या cos θ पट ते १/cos θ पट यांदरम्यान हेलकावतो. समजा, ट्रान्सफर केस व मागील डिफरन्शियल यांच्या उंचीत १८० मिलिमीटरचा फरक आहे. शाफ्ट ५०० मिलिमीटरचा असेल तर कोन सुमारे २१ अंश होतो आणि वेगातील चढउतार १४ टक्क्यांच्या आसपास राहतो. तीन इंच लांब पेटी बसवून शाफ्ट ४२५ मिलिमीटरवर आणला, तर कोन २५ अंशांवर व चढउतार सुमारे २० टक्क्यांवर जातो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट तितक्याच कोनात असेल तर डिफरन्शियलला गती समान मिळते. शाफ्ट मात्र स्वतः धक्के खातच राहतो. शिवाय चाक खड्ड्यात उतरताच हा कोन आणखी वाढतो. गाडी उभी असताना घेतलेले माप म्हणूनच फसवे ठरते.

याच कारणामुळे सीजे-३बीसाठी ब्यूइकचे २२५ घनइंचांचे व्ही-६ इंजिन लोकप्रिय झाले. कैसर जीप कंपनीने स्वतःच १९६० च्या दशकाच्या मध्यास ते सीजे-५ साठी देऊ केले होते. व्ही-८ इंजिनापेक्षा ते आखूड असल्याने मागे जागा उरते, आणि जीपसाठीच्या आवृत्तीतील जड फ्लायव्हीलमुळे मंद गतीत ते सहसा बंद पडत नाही. त्याचा टॉर्क २३५ पौंड-फूट, म्हणजे सुमारे ३१९ न्यूटन-मीटर. मूळ चार सिलिंडरी इंजिनाचा मात्र सुमारे १५५.

हा टॉर्क मूळच्या तीन गतींच्या टी-९० पेटीवर टाकणे धोक्याचे असते. तिच्या जागी जनरल मोटर्सच्या ट्रकांमधील एसएम-४२० ही चार गतींची पेटी अनेकदा निवडली जाते. तिची लांबी सुमारे साडेदहा इंच आहे. १९६८ पासून आलेल्या एसएम-४६५ ची सुमारे बारा. दीड इंचाचा हा फरक लांब ट्रकमध्ये नगण्य, पण येथे निर्णायक ठरतो. मात्र माहितीपत्रकातील लांबी ही पूर्ण लांबी नसते. क्लचचे आवरण आणि ट्रान्सफर केस जोडणारे अ‍ॅडाप्टर यांची जाडी तीत मिळविल्याशिवाय तुलना करणे व्यर्थ होय.

आता गुणोत्तरांकडे वळू. टी-९० चा पहिला गिअर सुमारे २.८ आहे, एसएम-४२० चा ७.०५. ट्रान्सफर केसचे मंद गुणोत्तर २.४६ व डिफरन्शियलचे ५.३८ धरल्यास एकूण गुणोत्तर ३७ वरून ९३ वर जाते. ३० इंच व्यासाचे टायर आणि मिनिटाला ७०० फेरे हे गृहीत धरता वेग ताशी २.७ किलोमीटरवरून सुमारे १.१ किलोमीटरवर येतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठ्या गुणोत्तरामुळे अधिक ताकद मिळते म्हणून ते हवे, असे सर्रास मानले जाते. भारासह १३०० किलोग्रॅमची गाडी कोरड्या खडकावर उभी असून घर्षणगुणक ०.८ मानला, तर चारही चाकांना मिळून सुमारे ३९०० न्यूटन-मीटरपलीकडे टॉर्क जमिनीला देता येत नाही. त्यापुढे टायर घसरतात. मूळ इंजिन व मूळ पेटीदेखील मंद पहिल्या गिअरमध्ये, घर्षणातील हानी वगळता, ५७०० न्यूटन-मीटर देऊ शकत होती. म्हणजे ताकद आधीच पुरेशी होती; उणीव होती ती संथपणाची. क्लच न घासता, पावलापावलाने खडक ओलांडता येणे हाच या पेटीचा खरा लाभ. एखादे चाक खडकात अडकले की मात्र टायर घसरण्याची सुरक्षा नाहीशी होते, आणि ट्रान्सफर केसमागील शाफ्टवर मूळच्या पाचपटींहून अधिक टॉर्क येऊ शकतो. शाफ्ट आणि अ‍ॅक्सल तुटण्याचे प्रसंग प्रायः अशा क्षणी येतात.

उतरत्या रस्त्यावरही या पेटीचा उपयोग होतो, कारण इंजिनाचा रोध वाढून ब्रेकवरील भार घटतो. तिचा पहिला गिअर सिंक्रोमेशविरहित असल्याने तो उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा लागतो. महामार्गासाठी ओव्हरड्राइव्ह तिच्यात नाही. पण पहिला गिअर इतका खोल असल्याने डिफरन्शियलचे गुणोत्तर ५.३८ ऐवजी ३.७३ ठेवता येते. त्यामुळे ताशी ८० किलोमीटरला इंजिनाचे फेरे सुमारे ३००० वरून २१०० वर उतरतात आणि मंद एकूण गुणोत्तर तरीही ६५ च्या जवळ राहते. पाच गतींची लांब पेटी घेऊन शाफ्टचा कोन बिघडविण्यापेक्षा आखूड व्हीलबेससाठी हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

भारतात या विषयाला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून भिन्न होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद काटेकोरपणे लावली. त्यामुळे येथील कार्यशाळेत असा प्रकल्प हाती घेणाऱ्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने, वाहन सार्वजनिक रस्त्यावर उतरवावयाचे असल्यास, प्रथम परिवहन कार्यालयाशी विचारविनिमय करणे आवश्यक आहे.