लहान टर्बो-डिझेल इंजिन : ताकद, दुखणी आणि निगा

उसाचे बिल खात्यावर जमा झाले की सभासदाच्या घरात दोन-तीन विषय हटकून निघतात. मुलीचे लग्न, विहिरीचे काम आणि अलीकडे चारचाकी गाडी. नवी गाडी आवाक्यात नसते, म्हणून जुनी पाहिली जाते. नाशिक-अंबडकडे जुनी डिझेल गाडी शोधायला गेले की ‘लोगान’ किंवा ‘व्हेरिटो’ कोणीतरी दाखवतोच. गाडी दणकट, डिकी ऐसपैस, डिझेलला हलकी. पण घेतल्यावर वर्षाच्या आत इंजिन खोलावे लागले, अशा तक्रारीही सभासदांकडून आमच्या कानावर येतात. हे इंजिन कसे आहे, कुठे बिघडते आणि का बिघडते, याची माहिती म्हणून येथे देत आहोत.

हे इंजिन आले कुठून?

महिंद्र आणि फ्रान्सची रेनॉ या दोन कंपन्यांनी भागीदारीत लोगान गाडी २००७ साली बाजारात आणली. ती आपल्याच नाशिकच्या महिंद्र कारखान्यात तयार होत असे. २०१० मध्ये रेनॉ या भागीदारीतून बाहेर पडली आणि २०११ पासून तीच गाडी ‘व्हेरिटो’ नावाने विकली जाऊ लागली. आज ती नवी मिळत नाही. तिच्यातले डिझेल इंजिन मूळ रेनॉचे, कंपनीच्या भाषेत ‘के-नाइन-के’. युरोपात ते २००१ पासून गाड्यांत बसू लागले. आपल्याकडच्या डस्टर, टेरानो, सनी, मायक्रा या डिझेल गाड्यांतही याच घराण्याचे इंजिन आहे, काहींत जास्त ताकदीचे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि रेनॉने भारतात डिझेल गाड्या बंद केल्या. तेव्हा आज बाजारात दिसेल ती गाडी वापरलेलीच असणार, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

ताकदीचा हिशोब

चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७६ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८०.५ मिलिमीटर, एकूण १४६१ सीसी. लोगान-व्हेरिटोमध्ये हे इंजिन ४००० फेऱ्यांना ६५ अश्वशक्ती देते आणि २००० फेऱ्यांनाच १६० न्यूटन-मीटर ओढ देते. म्हणूनच चार माणसे आणि डिकीत दोन पोती घेऊन घाट चढताना गाडी फारशी कुरकुरत नाही. डस्टरमध्ये त्याच १४६१ सीसीतून ८५ आणि ११० अश्वशक्ती काढली आहे.

आता आपल्या विहिरीवरचे जुने एका सिलिंडरचे इंजिन आठवा. साधारण ५५० सीसी, १५०० फेऱ्या, ५ अश्वशक्ती. म्हणजे एका अश्वशक्तीमागे ११० सीसी. मोटारीच्या इंजिनात हाच आकडा २२-२३ सीसी येतो. तेवढ्याच जागेतून जवळजवळ पाचपट काम! विहिरीवरचे इंजिन वर्षानुवर्षे काळ्या तेलावर धकधक करत राहिले, कारण त्याच्यावर ताण कमी होता. मोटारीच्या इंजिनाला तशी वागणूक चालत नाही. सगळ्या दुखण्यांचे मूळ इथेच आहे.

टर्बो म्हणजे काय?

आपल्या कारखान्यात टर्बाइन फिरवून झालेली वाफ आपण फुकट सोडत नाही. त्याच वाफेवर रस आटवतो. टर्बोचे तत्त्व असेच आहे. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर वाटेत एक लहान चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल नीट जळणार, म्हणजे जास्त ताकद.

हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेलाला काही क्षण खंड पडला तरी त्याला इजा होते. कारखान्याची टर्बाइन थांबवताना तिचा तेलपंप आपण लगेच बंद करतो का? नाही. चक्र थांबून थंड होईपर्यंत तेल चालूच ठेवतो. मोटारीत मात्र चावी फिरवली की तेलपंप तिथल्या तिथे थांबतो. म्हणून लांबून, जोरात गाडी आणली असेल तर उभी केल्यावर मिनिटभर इंजिन नुसते चालू द्यावे, मग बंद करावे. सकाळी सुरू केल्यावरही लगेच रेस करू नये.

नेहमीची दुखणी

१) बिग-एंड बेअरिंग. पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे धरतो, तिथली ही बेअरिंगे. युरोपात या इंजिनाच्या तेलबदलाची मुदत ३०,००० किलोमीटरपर्यंत वाढवली गेली होती, आणि तिथे ही बेअरिंगे लाख-दीड लाख किलोमीटरच्या आसपास झिजल्याच्या तक्रारी बऱ्याच झाल्या. खालून ‘टक-टक’ असा खोल आवाज सुरू झाला की समजावे. अशा वेळी ‘अजून चार दिवस चालवू’ म्हणणे म्हणजे क्रँक घालवणे. गाडी तिथेच उभी करावी आणि ओढून न्यावी.

२) हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर. विहिरीवरच्या इंजिनाचा नोझल २०० बारच्या आसपास उघडतो. इथे ‘कॉमन रेल’ आहे, दाब हजार बारच्याही वर जातो. एवढ्या दाबाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. डिझेलमध्ये पाणी उतरले, रॉकेल मिसळले किंवा टाकी कोरडी पडून पंपात हवा गेली, की पंप आतून खरवडतो. मग लोखंडाचा बारीक कीस रेलमधून थेट इंजेक्टरांत जातो. असे झाले तर नुसता पंप बदलून भागत नाही. टाकी, नळ्या, रेल सगळे साफ करावे लागते, इंजेक्टर तपासावे लागतात. आपल्यापैकी कित्येकांची मुले अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामाला आहेत. त्यांना विचारा, मायक्रॉन म्हणजे काय. मिलिमीटरचा हजारावा भाग. इंजेक्टरचे काम त्या मापाचे असते. तिथे आपल्या ड्रमच्या तळाची माती गेली तर काय होईल, हे सांगायला नको.

३) टर्बो. तेल कमी, तेल जुने किंवा तेलाची नळी काजळीने तुंबलेली, या तिन्हींतून टर्बो जातो. निळा धूर, शिट्टीसारखा वाढलेला आवाज, चढाला ओढ कमी, ही लक्षणे. नवा टर्बो बसवण्याआधी तेलाची नळी साफ झाली का, हे मिस्त्रीला विचारावे. नाहीतर नवाही त्याच वाटेने जातो.

४) टायमिंग बेल्ट. या इंजिनात साखळी नाही, रबरी पट्टा आहे. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. पट्टा तुटण्यापूर्वी आवाज देईलच असे नाही. किलोमीटर कमी झाले असले तरी रबर वयाने म्हातारे होते. पुस्तिकेतली मुदत पाळावी. जुनी गाडी घेताना पट्टा बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे. त्यासोबतचा टेन्शनर आणि पुलीही बदलून घ्यावी.

५) ईजीआर व्हॉल्व्ह आणि सेन्सर. गाडी नुसती घर ते बांध आणि बांध ते घर अशी फिरली की काजळी साठून ईजीआर चिकटतो. काळा धूर येतो, गाडी दमल्यासारखी चालते. आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर मोकळी चालवावी. दुसरे असे, की फ्लायव्हीलजवळचा फेऱ्यांचा सेन्सर मळला तरी गाडी सुरू होत नाही. ही अगदी थोडक्यात होणारी दुरुस्ती. ‘पंप गेला’ असे कोणी म्हटले तर आधी हा सेन्सर पाहायला सांगावा.

सभासदांनी काय करावे?

तेल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच घालावे. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातले ‘थोडं चालेल’ म्हणून ओतू नये. आमच्या मते धुळीच्या शेतरस्त्याला १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, हीच मुदत बरी. दर वेळी तेलाचा फिल्टरही बदलावा. तेलपट्टी पंधरा दिवसांनी काढून पाहावी. डिझेल पंपावरून थेट टाकीत भरावे, ड्रममधले नको. टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नये. डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा आणि बदलल्यावर लाइनमधला रबरी फुगा दाबून हवा काढावी, नुसता स्टार्टर मारत बसू नये.

जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी पुष्कळ गोष्टी लपवते. तेलबदलाच्या पावत्या मागा. इंजेक्टर बदललेला असेल तर त्याच्यावरचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरला आहे का, हे तपासून घ्या. कोड न भरता बसवलेला इंजेक्टर डिझेलचे माप चुकवतो. आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे.

शेवटी पैशाचा हिशोब. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी टनाला ३५५० रुपये आहे. वर्षाचे तेल आणि फिल्टर साधारण एका टनाच्या पैशात बसतात. तेच टाळून क्रँक, पंप किंवा टर्बो गेला तर हिशोब टनात राहत नाही, ट्रॉल्यांत जातो. अठरा महिने लागण सांभाळून, रात्री-अपरात्री पाणी धरून आणलेला ऊस आहे तो. उसाला पाणी पाळी चुकवून चालत नाही हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इंजिनाच्या तेलाचीही तशीच पाळी आहे, ती चुकवू नये, इतकेच आमचे सांगणे.