शहरांतील गोंगाट व त्याचा बंदोबस्त

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत खिडकीशेजारच्या बाकावर बसणारा एक मुलगा अभ्यासांत सारखा मागें पडत असे. श्रुतलेखन सांगावें, तर त्याच्या वहींत निम्मे शब्द गाळलेले असत. "तुझें लक्ष कोठें असतें?" म्हणून मी त्यास अनेकदां रागें भरलों. एके दिवशीं दुसरे शिक्षक पाठ देत असतां मी सहज त्या बाकावर जाऊन बसलों. खालच्या रस्त्यानें मोटारी, रिक्षा व मालाच्या गाड्या हॉर्न वाजवीत जात होत्या, आणि शिक्षकांच्या दर तीन वाक्यांपैकीं एक मला ऐकूंच येत नव्हतें. दोष मुलाच्या लक्षाचा नव्हता, जागेचा होता. त्या दिवसापासून शहरांतील आवाज व त्याचा बंदोबस्त यांविषयीं मीं वाचावयास आरंभ केला. त्यांतील थोडेंसें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवीत आहें.

मला जें एका बाकावर बसून कळलें, तें न्यूयॉर्क शहरांत परीक्षा घेऊन सिद्ध झालेलें आहे. तेथील मॅनहॅटन विभागांत एका प्राथमिक शाळेच्या अगदीं जवळून, खांबांवर उभारलेल्या मार्गानें आगगाडी जाते. त्या काळीं शाळेच्या वेळांत दर साडेचार मिनिटांनीं एक गाडी जाई, व ती जाईपर्यंत शिक्षकांस गप्प राहावें लागे. ॲर्लाइन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ विदुषींनीं एका सहकाऱ्यासह त्या शाळेंतील मुलांच्या वाचनाचा अभ्यास करून तो १९७५ सालीं प्रसिद्ध केला. रुळांच्या बाजूच्या वर्गांतील मुलें पलीकडील शांत बाजूच्या मुलांपेक्षां वाचनांत मागें होतीं. वरच्या इयत्तेंत हा फरक जवळजवळ एक वर्षाचा होता. पुढें रुळांखालीं रबराच्या गाद्या बसविण्यांत आल्या व वर्गांच्या छतांना आवाज शोषून घेणारें आच्छादन लावलें गेलें. त्यानंतर पुन्हां परीक्षा घेतली, तेव्हां दोन्ही बाजूंच्या मुलांतील तो फरक नाहींसा झाला होता. हा दुसरा अभ्यास १९८१ सालीं प्रसिद्ध झाला.

यावरून दोन गोष्टी दिसतात. गोंगाट हा नुसता कानाचा त्रास नव्हे, त्यापायीं मुलाचें वर्ष जाऊं शकतें. आणि मनावर घेतल्यास त्यास उपाय आहे. हा उपाय शहर कसा योजतें, तें आतां पाहूं.

पहिली पायरी मोजमापाची. आवाज डेसिबेल या मापानें मोजतात; पण या मापाचा हिशेब साध्या बेरजेचा नाहीं. एक पंप ६० डेसिबेल आवाज करीत असला व शेजारीं तसलाच दुसरा सुरू केला, तर मापक १२० न दाखवितां ६३ दाखवील. आवाजाची शक्ति दुप्पट झाली कीं तीन डेसिबेल वाढतात, आणि दसपट झाली कीं दहा. म्हणून ५५ व ६५ या आंकड्यांतील अंतर आपणांस वाटतें तसें किरकोळ नाहीं. याच हिशेबाची दुसरी बाजू अशी कीं, एखाद्या रस्त्यावरील निम्मी वाहनें कमी केलीं, तरी आवाज तीनच डेसिबेल उतरतो. यास्तव केवळ गर्दी घटवून भागत नाहीं. अधिक कर्कश आवाज कोणते, ते कोठें व कोणत्या वेळीं होतात, हें हुडकावें लागतें. यासाठीं युरोपीय संघानें २००२ सालीं असा दंडक घातला कीं, एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरी प्रदेशांचे आवाजाचे नकाशे तयार करावे व दर पांच वर्षांनीं ते नवे करावे. आपल्या देशांतहि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०११ पासून महानगरांत आवाज मोजणारीं केंद्रें उभारलीं, व त्यांपैकीं १० मुंबईंत बसविलीं.

दुसरी पायरी जागा व वेळ ठरविण्याची. भारतांत २००० सालीं झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं शहराचे चार प्रकारचे विभाग कल्पिले आहेत. औद्योगिक विभागांत दिवसा ७५ व रात्रीं ७०, व्यापारी विभागांत ६५ व ५५, राहत्या वस्तींत ५५ व ४५, आणि शांतता क्षेत्रांत ५० व ४० डेसिबेल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा वाजल्यापासून सकाळीं सहापर्यंत. रुग्णालयें, शिक्षणसंस्था व न्यायालयें यांच्या सभोंवारची निदान १०० मीटरची जागा शांतता क्षेत्र ठरूं शकते. मात्र २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणें राज्य शासनानें तसें जाहीर करावें लागतें. ध्वनिक्षेपकास लेखी परवानगी हवी, व रात्रीं तो उघड्यावर लावतां येत नाहीं. सणासमारंभांसाठीं वर्षांतून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य शासन देऊं शकतें. हा नियम देऊळ, मशीद, चर्च, लग्नमंडप व राजकीय सभा या सर्वांस सारखाच लागू आहे. एकाच्या आनंदास जागा मिळावी, पण दुसऱ्याची झोंप मोडूं नये, असा हा मेळ आहे.

तिसरी पायरी बांधकामाची. आवाजाचा प्रवास तीन ठिकाणीं अडवितां येतो: उगमापाशीं, वाटेंत आणि ऐकणाऱ्यापाशीं. न्यूयॉर्कच्या शाळेंत रुळांखालचें रबर हा पहिला उपाय, तर वर्गाचें छत हा तिसरा. वाटेंतला उपाय म्हणजे उड्डाणपुलाच्या कडेस उभारलेली भिंत. ही भिंत सलग, भक्कम व गाड्या दृष्टीआड होतील इतकी उंच असावी लागते. झाडांची एकेरी रांग सावली देते, पण आवाज फारसा अडवीत नाहीं. याहूनहि स्वस्त उपाय नकाशा काढतांनाच करतां येतो. शाळेचे जिने, भांडारगृह व कचेरी रस्त्याकडे ठेवून वर्ग मागील अंगास ठेवले, तर इमारतच वर्गांची ढाल होते. एकदां पाया घातल्यावर मात्र ही सोय पैसे खर्चूनहि मिळत नाहीं.

चौथी पायरी अंमलबजावणीची, व हीच अवघड. मर्यादेहून दहा किंवा अधिक डेसिबेल आवाज होत असेल, तर नागरिकानें पोलिसांकडे तक्रार करावी, असें नियमांत आहे. परंतु शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करण्यास माणूस कचरतो. हॉर्नची गोष्ट तर याहून कठीण, कारण तेथें आपण सर्वच अपराधी. २०२० च्या आरंभीं मुंबई पोलिसांनीं जाहीर केलेला एक प्रयोग पुष्कळांस आठवत असेल. कांहीं चौकांतील दिव्यांना आवाजाचें मापक जोडलें होतें. थांबलेल्या वाहनांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबेलवर गेला कीं लाल दिव्याची मोजणी पुन्हां पहिल्यापासून सुरू होई. जो उतावळा, त्यालाच अधिक थांबावें लागे!

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातीं कायदा नाहीं, तथापि कान आहेत. वर्गांत नीट ऐकूं येत नसेल, तर न लाजतां हात वर करून सांगा. तो तुमचा दोष नव्हे. पालकांसहि माझी विनंती आहे कीं, शाळेच्या दाराशीं मुलास न्यावयास आल्यावर हॉर्न वाजवून हांक मारूं नये. आंत कोणाचा तरी पाठ चालू असतो.

त्या मुलास मीं दुसऱ्याच दिवशीं पुढच्या बाकावर बसविलें. सहामाहीच्या श्रुतलेखनांत त्याच्या तीन चुका होत्या. त्याला मीं पूर्वीं जें बोललों होतों, त्याबद्दल वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली.