वरूडच्या बागायतीतील प्लास्टिक फिल्म : एक मागोवा

शेतीतील प्लास्टिकवापराला चालना देण्यासाठी केंद्र सरकारने 1981 मध्ये राष्ट्रीय समिती नेमली, तेव्हा या पदार्थाकडे प्रामुख्याने पाणी वाचवण्याचे साधन म्हणून पाहिले गेले. आणि संत्र्याच्या बागांसाठी होणाऱ्या उपशामुळे पुढे अतिशोषित भूजलक्षेत्रांत गणल्या गेलेल्या वऱ्हाडातील वरूड तालुक्याला अशा साधनाची निकड होतीच. ठिबक सिंचनाबरोबरच, 2005-06 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून सामूहिक शेततळ्यांना प्लास्टिकच्या अस्तरासाठी अनुदान मिळू लागले, तर मिरचीसारख्या पिकांच्या गादीवाफ्यांवर ‘मल्चिंग पेपर’, म्हणजे ओल टिकवणारी व तण रोखणारी पॉलिएथिलीनची पातळ फिल्म, अंथरली जाऊ लागली.

या साधनांचा शेवट मात्र सारखा झाला नाही. ठिबकच्या जाड नळ्यांना भंगारात भाव मिळतो. पण साधारण 25 ते 30 मायक्रॉनची फिल्म उन्हाने विरते, काढताना फाटते आणि माती व मुळे घेऊनच निघते, त्यामुळे तिचे तुकडे वावरात राहतात किंवा धुऱ्यावर जाळले जातात. उत्पादकांवर प्लास्टिक परत घेण्याची जबाबदारी टाकणारी 2022 ची मार्गदर्शक तत्त्वेही वेष्टनांपुरतीच असल्याने वावरातील फिल्म त्यांच्या कक्षेबाहेर राहिली.

तिच्या पुनर्वापराचा एक मार्ग संमिश्र पदार्थाचा, म्हणजे दोन भिन्न द्रव्ये एकजीव करून घडवलेल्या पदार्थाचा आहे. कमी घनतेचे पॉलिएथिलीन सुमारे 110 अंश सेल्सिअसला वितळते आणि वनस्पतिजन्य तंतू 200 अंशांच्या आसपास करपू लागतात, म्हणून मधल्या तापमानात धुतलेली फिल्म व वाळलेला भुसा एकत्र मळता येतो. पाणी शोषणारा तंतू आणि पाणी नाकारणारे प्लास्टिक यांना धरून ठेवण्यासाठी त्यात थोडे जोडद्रव्य घालावे लागते. अशा मिश्रणापासून फळ्या आणि कुंपणाचे खांब बनवता येतात. वऱ्हाडात त्यासाठी लागणारा तंतू पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांतून, मिळू शकतो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून दाबफळ्या बनवण्याचे तंत्र पूर्वीच विकसित केले आहे.

या चार दशकांत फिल्म अंथरण्यासाठी अनुदान मिळाले, परंतु ती गोळा करून धुण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी राहिला. जमिनीचा पोत राखायचा असेल, तर नव्या फिल्मच्या अनुदानातच जुनी परत घेण्याची तरतूद हवी, कारण स्वच्छ कच्चा माल नियमित मिळाल्याशिवाय असा कोणताही उद्योग उभा राहू शकत नाही.