हात लावण्याची मुभा

जुन्या वस्तुसंग्रहालयाच्या दालनात पाऊल टाकताच जी पाटी प्रथम दृष्टीस पडते तिच्यावर 'हात लावू नये' अशी सक्त ताकीद असते, आणि १८७२ साली भायखळ्यास राणीच्या बागेत खुल्या झालेल्या मुंबईच्या संग्रहालयापासून थेट एखाद्या जुन्या वाड्यात मांडून ठेवलेल्या ढालतलवारींपर्यंत सर्वत्र ती मुकाट्याने पाळली जाते. कारण तेथील प्रत्येक वस्तू एकुलती एक असते आणि ती भंगली तर तिची भरपाई कोणत्याही खजिन्यातून होण्यासारखी नसते. विज्ञान संग्रहालयाने हा शिरस्ता नेमका उलटा केला. तेथे मोल आहे ते वस्तूच्या अंगी घडून येणाऱ्या क्रियेला, आणि पाहणाऱ्याने मूठ फिरविल्यावाचून, कळ दाबल्यावाचून किंवा हातात फिरते चाक धरून चकतीवर उभे राहिल्यावाचून ती क्रिया घडतच नाही. परंतु हात लावण्याची मुभा द्यावयाची म्हणजे मोडण्याचीही मुभा द्यावयाची. आणि अशी दोन डझनांच्या आसपास संग्रहालये देशभर चालवावयाची म्हणजे, विद्वत्तेची परिभाषा क्षणभर बाजूस सारून बोलावयाचे तर, बारमाही चालणारे एक प्रचंड दुरुस्तीखातेच चालवावयाचे.

ही कल्पना मूळची आपली नव्हे. म्यूनिक येथे ऑस्कर फॉन मिलर या विद्युत-अभियंत्याने १९०३ साली जे संग्रहालय स्थापन केले, आणि ज्याची भव्य इमारत १९२५ साली खुली झाली, तेथे मुठी फिरविण्याची आणि कळी दाबण्याची सोय प्रथमपासूनच होती. आपल्याकडे तिचा प्रवेश झाला तो कलकत्त्यास. बिर्ला घराण्याने गुरुसदय रोडवरील आपला प्रशस्त वाडा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या स्वाधीन केला, आणि २ मे १९५९ रोजी तेथे बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयाचे दरवाजे उघडले. पाठोपाठ बंगळुरास विश्वेश्वरय्यांच्या नावाचे दुसरे संग्रहालय उभे राहिले. ज्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि ज्यांनी शोधून काढलेले, पाण्याच्या पातळीबरोबर आपोआप उघडझाप करणारे दरवाजे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर बसविण्यात आले, त्या पुरुषाच्या स्मारकाला पुतळ्यापेक्षा हलती यंत्रे अधिक शोभतात, असे मला नेहमी वाटत आले आहे.

कलकत्त्याच्या त्या वाड्यात दालनांइतकीच, किंबहुना त्यांहूनही अधिक, महत्त्वाची ठरली ती तेथील कार्यशाळा. परदेशी चलनाची चणचण असलेल्या त्या काळात तयार मांडणी बाहेरून आणविणे परवडण्यासारखे नव्हते. आणि समजा आणविली असती, तरी तिची एक कमान तुटताच ती वर्षभर नव्या कमानीची वाट पाहत धूळ खात पडली असती. तेव्हा सुतार, लोहार, वीजतंत्री, चित्रकार आणि भौतिकशास्त्राचा पदवीधर यांना एकाच छपराखाली बसवून जे दाखवावयाचे ते स्वतःच घडवावयाचे, हा पायंडा पडला. ज्याने वस्तू घडविली त्यालाच ती कोठे मोडणार हे आधी ठाऊक असते. बुद्धीने आखलेला प्रयोग कागदावर निर्दोष असतो. पण रोज शेकडो पोरांच्या हातून फिरणाऱ्या मुठीचे छर्रे झिजतात, दोरी उसवते, दिवा जातो, आणि कळ दाबण्याऐवजी तिच्यावर बुक्की मारावी असे वाटणाऱ्या वयाच्या प्रेक्षकापुढे न्यूटनच्या नियमांनाही पोलादी आवरण चढवावे लागते. मूठ कशाची करावी, किती जाड करावी आणि ती कोणत्या उंचीवर बसवावी, म्हणजे सात वर्षांच्या मुलीचा हात पोहोचेल पण तिचे बोट अडकणार नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते मिस्त्र्याच्या हातात असते, आणि तो सेवानिवृत्त झाला की पुष्कळदा त्याच्याबरोबरच निघून जाते.

शहरात येऊ न शकणाऱ्यांकडे संग्रहालयानेच जावे या विचाराने १९६५ साली कलकत्त्याहून पहिले फिरते विज्ञान प्रदर्शन खेड्यापाड्यांकडे निघाले. पुढे त्यासाठी खास बसगाड्याच बांधल्या गेल्या. शाळेच्या मैदानात गाडी उभी राहावी, तिच्या दोन्ही अंगांस एकाच विषयावरील सुमारे दोन डझन मांडण्या दिसाव्यात, आणि रात्री त्याच मैदानात दुर्बिणीसमोर गावाची रांग लागावी, असा तो सरंजाम. खडबडीत रस्त्यावरून शेकडो कोस हिंडूनही जी मांडणी चालू राहते तिला दालनातील पोरांचे भय उरत नाही, हा त्यातला आनुषंगिक लाभ.

देशव्यापी जाळे म्हणावे असे स्वरूप या उद्योगास आले ते १९७८ साली, जेव्हा ही संग्रहालये संशोधन परिषदेपासून विभक्त करून त्यांच्यासाठी राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद ही स्वायत्त संस्था स्थापण्यात आली. तिची मुख्य कचेरी कलकत्त्यासच राहिली. तिची घडी बसविणारे सरोज घोष हे मूळचे अभियंते, आणि आराखडा त्रिस्तरीय : वर राष्ट्रीय, मध्ये प्रादेशिक, खाली जिल्हा केंद्रे. मुंबईच्या वरळीस १९७७ साली प्रकाश आणि दृष्टी या विषयावरील एका प्रदर्शनाने आरंभ झाला, १९७९ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालवर्षात, उघड्यावरचे विज्ञान उद्यान आले, आणि नेहरू विज्ञान केंद्र पूर्णत्वाने खुले व्हावयास १९८५ चा नोव्हेंबर उजाडला. नागपूरचे रामन विज्ञान केंद्र १९९२ चे. गोव्याचे मिरामारचे त्यानंतरचे. मला मात्र या आराखड्यातील तिसरी पायरी सर्वांत धाडसाची वाटते. पुरुलिया, गुलबर्गा, तिरुनेलवेली, आणि आपल्या सुरगाणा-पेठ पट्ट्याला लागून असलेले गुजरातेतील धरमपूर, ही ठिकाणे निवडताना कोणी तिकीटविक्रीचा हिशेब केला असेल असे वाटत नाही.

हिशेबाचा प्रश्न उद्भवतो तो पुढे. परिषद पुष्कळ ठिकाणी केंद्र उभारून देते, उभारणीचा खर्च राज्याबरोबर वाटून घेते, आणि मग किल्ल्या स्थानिक यंत्रणेच्या हाती सोपवून मोकळी होते. यात गैर काही नाही. सर्व देशाच्या मुठी एकाच कचेरीने फिरवाव्यात अशी अपेक्षा कोणी करू नये. परंतु सरकारी अंदाजपत्रकाचा स्वभावच असा आहे की, इमारतीला मंजुरी लवकर मिळते, कारण तिला कोनशिला असते आणि कोनशिलेवर नाव असते. दहा रुपयांच्या कमानीला कोनशिला नसते. म्हणून कोणत्याही केंद्राची पारख करावयाची असेल तर मी त्याचे अहवाल मागवीत नाही; 'नादुरुस्त' अशा पाट्या किती आहेत आणि त्यांतील किती पाट्यांचा कागद पिवळा पडला आहे, एवढेच पाहतो.

नकल करणे हा या व्यवसायात दोष मानीत नाहीत. सॅन फ्रान्सिस्को येथील एक्स्प्लोरेटोरियम फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ साली सुरू केले, आणि पुढे आपल्या मांडण्या कशा घडवाव्यात याच्या कृती त्या संस्थेने स्वयंपाकाच्या पुस्तकासारख्या छापून जगापुढे ठेवल्या. आपल्या जाळ्यातही एका केंद्रात तयार झालेले प्रदर्शन काही महिन्यांनी दुसऱ्या केंद्राकडे जाते. फक्त फलकांची भाषा तेवढी बदलावी लागते, आणि तेथे मात्र मन खट्टू होते. कारण मराठी फलकावर बहुधा परिभाषाकोशातील शब्द इतके जड पावलांनी चालत येतात की, चकती फिरवून मूल पुढच्या मांडणीकडे पळाले तरी त्याचा बाप 'कोनीय संवेग' या दोन शब्दांपाशीच थबकलेला असतो.

वरळीचे केंद्र होळी-दिवाळीचे दिवस सोडले तर वर्षभर उघडे असते. जुन्या संग्रहालयांना झाडलोटीसाठी आठवड्याची सुट्टी असते. ज्यांची यंत्रे रोज झिजतात त्यांना तीही नाही. तेव्हा शाळांच्या बसगाड्या फाटकाशी येऊन उभ्या राहण्यापूर्वी, सकाळच्या त्या थोड्या वेळात, हातात पाना आणि तेलाची बुधली घेतलेला माणूस दालनादालनातून हिंडतो, प्रत्येक मूठ एकदा फिरवून पाहतो, आणि जी करकरते तिच्यापाशी उकिडवा बसतो.