चढणीचा मासा, अडलेली नदी

मृगाच्या सरी डोंगरावर लागून कोसळल्या आणि ओढ्यांना पहिलं गढूळ पाणी आलं, की बदलापूर, वांगणी, नेरळ या पट्ट्यात बोलण्याचा विषय बदलतो. राबातली रोपं कशी आहेत हे विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘मासे चढले का?’ मग काही दिवस बाजाराच्या कडेला, रस्त्यावर, पुलाच्या तोंडाशी कातकरी आणि ठाकूर बायका पाट्या घेऊन बसतात. पाटीत शिंगटी, मळे, खवल, वाम, एखादी मरळ आणि बाजूला पाय बांधलेल्या चिंबोऱ्या. तराजू नसतो, भाव वाट्यावर होतो. गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं तर बाई माशाचं फुगलेलं पोट दाबून गाबोळी दाखवते. त्यावर सहसा कुणी काही बोलत नाही.

ही वलगण. कोकणात खाली गेलं की हेच चढणीचे मासे. उल्हास नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना हा सण पंचांगात शोधावा लागत नाही. आणि जगात ज्या मासेमारीचं ‘शाश्वत’ म्हणून सर्वाधिक कौतुक होतं, ती अलास्कातली रानटी सॅल्मनची मासेमारीही याच एका गोष्टीवर उभी आहे : अंडी घालायला प्रवाहाच्या उलट निघालेला मासा.

नदीतला मासा उन्हाळा डोहात काढतो. पहिल्या पुराचं पाणी थंड, गढूळ आणि वेगाचं असतं. पोटात अंडी तयार असलेल्या मादीला तेवढी सूचना पुरते. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून वहाळात आणि वहाळातून थेट भाताच्या खाचरात असा प्रवास सुरू होतो. खाचरातलं पाणी घोट्याएवढं, उबदार, शेणा-पाचोळ्यानं पोसलेलं. सूक्ष्म जीवांची रेलचेल, आणि गिळायला टपलेला मोठा मासा नाही. पिल्लांसाठी याहून बरी जागा अख्ख्या नदीत सापडत नाही. खवल्यांच्या बऱ्याच माशांची अंडी साधारण दिवसाभरात फुटतात. भात निसवेपर्यंत पिल्लं तग धरण्याजोगी होतात आणि पाणी ओसरायला लागलं की बांधाच्या तोंडातून परत नदीची वाट धरतात. मरळीला हवेतला प्राणवायू घेता येतो, म्हणून ती ओल्या बांधावरून सरपटत एका खाचरातून दुसऱ्यात जाते. खाडीच्या अंगाला, भरतीचं पाणी पोचतं तिथे, चिवणी गोड्या पाण्याच्या ओढीनं आत शिरते. ठाणे-रायगडच्या आगरी घरांत गाबोळीच्या चिवणीची वाट वर्षभर पाहिली जाते.

वलगणीला कुणीही जातं. कुणबी शेतकरी जातो, आगरी जातो, हल्ली टॉर्च आणि रेनकोट घेऊन सोसायटीतली पोरंही जातात. पण ज्यांचं पोट तिच्यावर असतं ते कातकरी. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून गणलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी ही एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. तोवर उचल फिटलेली असते किंवा अंगावर राहिलेली असते, हातात पैसा नसतो, शेतमजुरीला अवकाश असतो. नेमक्या या दिवसांत ओढा दाराशी मासे आणून देतो.

पाग आणि गळ सगळीकडेच दिसतात, बघण्यासारखा असतो तो बांबूच्या कामट्यांचा सापळा. हातभर किंवा त्याहून लांब, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळता. तोंडाच्या आत कामट्यांचं दुसरं, आतल्या दिशेनं वळलेलं तोंड बसवलेलं असतं. मासा त्यातून आत घुसतो, पण परत फिरला की कामट्यांची टोकं आडवी येतात. शेपूट दोरीनं आवळलेलं; सकाळी गाठ सोडायची आणि मासे पाटीत ओतायचे. बांधाच्या तोंडाशी दोन्ही अंगांनी दगड-चिखल रचून हा सापळा बसवतात. मासे चढत असताना त्याचं तोंड खालच्या बाजूला, म्हणजे नदीकडे. भादव्याच्या शेवटी पाणी उतरायला लागलं की तोच सापळा उलटा, तोंड शेताकडे.

या सापळ्याच्या कामट्यांत फट असते. ती कुणी माशाच्या दयेनं ठेवलेली नाही. फट बारीक ठेवली तर पाचोळा अडकतो, पाणी तुंबतं आणि पुराचा लोंढा सापळाच उचलून नेतो. पाण्याला वाट द्यावी लागते, म्हणून बारक्या माशालाही वाट मिळते. शिवाय पाऊस खरोखर जोराचा झाला की बांध बुडतात, तोंड कुठे आणि शेत कुठे ते कळेनासं होतं आणि सापळे निरुपयोगी ठरतात. सगळ्यात जास्त मासे चढतात ते त्याच रात्री. ती रात्र माणसाच्या हाताबाहेरची असते, आणि पुढच्या वर्षीचं बियाणं तिनंच राखलेलं असतं.

दुसरी राखण देवाच्या नावानं झाली. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या डोहातल्या मोठ्या माशांना तिळसेश्वराचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीतही तेच. डोहातला मासा राखला म्हणजे उन्हाळा पार करणारी नर-मादी राखली. आजच्या भाषेत याला संरक्षित क्षेत्र म्हणतात, फक्त तिथे पाटी लावावी लागली नाही.

म्हणून सगळं आलबेल होतं असं मात्र नाही. वलगणीचा अख्खा मोह गाबोळीचा आहे, आणि गाबोळी म्हणजे न जन्मलेला मासा. महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्यामागचं एक कारण हेच, प्रजननाचा काळ. ही बंदी ज्या १९८१ च्या कायद्यानं येते तो सागरी हद्दीपुरता आहे, ओढ्यापर्यंत तो येत नाही. पूर्वी हात थोडे होते, सापळे फटीचे होते, म्हणून हिशेब जमत होता. आता बांधाच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड लागतं. त्यातून काहीच सुटत नाही. कुठे पाण्यात बॅटरीचा करंट सोडतात, कुठे ब्लीचिंग पावडर टाकतात. सुरुंग आणि विष वापरून मासे मारायला या देशात १८९७ पासून कायद्यानं बंदी आहे. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला, पण ओढ्याकाठी तो ठाऊक असलेला माणूस क्वचितच भेटतो.

पण सापळा आणि मच्छरदाणी हा या गोष्टीचा लहान भाग आहे. मोठा भाग खाली, नदीत आहे.

राजमाचीच्या डोंगराखाली उगम पावणारी उल्हास कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणच्या खाडीला मिळते आणि वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. एप्रिल-मे महिन्यात बदलापूरच्या पुलाखाली पाणी दिसतं त्याचं श्रेय बरंचसं टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्राला आहे. १९२२ साली सुरू झालेल्या या केंद्रात घाटावरच्या आंध्रा नदीचं पाणी खाली सोडून वीज करतात, आणि ते पाणी पेज नदीतून उल्हासला मिळतं. एरवी इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते पाणी बदलापूर-अंबरनाथच्या नळाला येतं. बदलापूरच्या बंधाऱ्यावरून दोन्ही शहरांना पाणी जातं. १९७२ साली उभ्या राहिलेल्या बारवी धरणाचं पाणी पुढे जांभूळजवळच्या बंधाऱ्यावरून एमआयडीसी उचलते. लाखो लोकांची तहान या बंधाऱ्यांवर भागते, तेव्हा ते नकोत असं म्हणण्याचा प्रश्नच नाही. पण कामट्यांच्या सापळ्याला फट असते, बंधाऱ्याला नसते. पूर भिंतीवरून जाईल तेवढे दिवस मासा वर जाऊ शकतो. एरवी खालचा मासा खाली आणि वरचा वर.

आणि चढलेल्या माशाला खाचर तरी उरलंय का? वांगणी-बदलापूरच्या पूररेषेलगतच्या भातशेतांवर भराव पडले, प्लॉट पडले, सेकंड होमच्या कमानी उभ्या राहिल्या. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, तेव्हा देशानं टीव्हीवर पाहिलं ते पाणी याच सखल पट्ट्यातलं. माशांना ही जागा पाण्याची आहे हे ठाऊक होतं.

वालधुनीची कथा तर याहून थेट आहे. काकोळ्याच्या डोंगराकडून येणारी ही छोटी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ चा म्हणजे इसवी १०६० चा शिलालेख असलेलं हे मंदिर पाहायला लोक लांबून येतात आणि नदीच्या बाजूला आल्यावर नाकाला रुमाल लावतात. अंबरनाथची रसायनं, उल्हासनगरच्या जीन्स धुलाईचा रंग आणि तिन्ही-चारी शहरांचं सांडपाणी घेऊन ती कल्याणला उल्हासच्या खाडीत उतरते. २०१४ च्या अखेरीस कुणीतरी टँकरभर विषारी रसायन वालधुनीत ओतलं आणि उल्हासनगरमधल्या शेकडो लोकांना श्वास कोंडून रुग्णालयात न्यावं लागलं. राष्ट्रीय हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत या दोन नद्यांची प्रकरणं गेली. खाडीतून वर निघालेल्या माशाच्या वाटेत हे पाणी पडद्यासारखं आडवं पसरलेलं असतं, आणि त्याला लवादाची तारीख कळत नाही.

योगायोग असा की ज्या उल्हासनगरात वालधुनी काळी झाली, तिथल्या माणसांइतकं चढणाऱ्या माशाचं मोल फार थोड्यांना ठाऊक असेल. ८ ऑगस्ट १९४९ ला कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, ते सिंधमधून आलेल्या निर्वासितांचं. त्यांचं दैवत झुलेलाल माशावर बसलेलं असतं. तो मासा पल्लो, बंगाल्यांचा हिलसा, आपल्याकडचा पाला. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला सिंधू नदीत चढतो. सक्खरजवळच्या बेटावरच्या पिराचं दर्शन घ्यायला तो निघतो, अशी सिंधी माणसाची श्रद्धा. चेटीचंडच्या सणाला मिरवणुकीत उल्हासनगरातून तो झांकीवर मिरवतो, आणि मोसमात मसाला भरलेला पल्लो ताटात येतो. तिकडे सिंधूवर १९५५ साली कोटरीचा बराज झाला आणि पल्लोची वाट तिथेच अडली. ज्या माशाला पिराचा ध्यास, तो पिरापर्यंत पोचेना. गंगेवर १९७५ साली फरक्का झाल्यावर हिलशाचं तेच झालं. सिंधूनं उल्हासनगरला दैवत दिलं, उल्हासनं नाव. दोन्ही नद्यांवरचा मासा एकाच कारणानं अडला.

आता अलास्काकडे. तिथल्या ब्रिस्टल बे भागातलं नॅकनेक हे गाव बाहेरच्या जगाशी रस्त्यानं जोडलेलंच नाही. जायचं ते विमानानं किंवा बोटीनं. उन्हाळ्याचे काही आठवडे लाखो सॉकाय सॅल्मन तिथल्या नद्यांत चढतात आणि गावाचं वर्ष त्यावर चालतं. एकेकाळी अलास्कात डबाबंद कारखान्यांनी नद्यांच्या तोंडाशी अवाढव्य सापळे लावून हा मासा उपसला होता. १९५९ साली अलास्का राज्य झालं, ते सापळे बंद झाले, आणि मासळी टिकेल एवढीच काढायची हे तत्त्व राज्यघटनेतच लिहिलं गेलं. ब्रिस्टल बेमध्ये वाहती जाळी टाकणारी बोट ३२ फुटांहून मोठी चालत नाही. पण खरी मेख मोजणीत आहे. नदीकाठी मनोऱ्यावर माणूस उभा राहतो आणि दर तासाला दहा मिनिटं वर जाणारे मासे मोजतो. ठरल्याएवढे मासे वर गेल्याची खात्री पटेल तशी खालच्या बोटींना जाळी टाकायची मुभा मिळते. किती पकडले हा तिथे दुसरा प्रश्न असतो. किती वर गेले, हा पहिला.

आपल्याकडे वलगणीवर बोलताना नेमका हा क्रम उलटतो. पाट्या भरून मासे विकणारी कातकरी बाई डोळ्यांवर येते, म्हणून बंदीची भाषा तिच्यापासून सुरू होते. तिनं दोन रात्री सापळा लावला नाही तरी बंधारा जागचा हलत नाही आणि वालधुनी निवळत नाही. मच्छरदाणी, करंट आणि विष थांबायलाच हवं, त्यात वाद नाही. पण त्याच दमात बंधाऱ्याच्या भिंतीलाही फट मागायला हवी. मासे चढावेत म्हणून धरणांना पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवण्याचं तंत्र जगात जुनं आहे. छोट्या बंधाऱ्यांना ते अवघडही नाही.

उल्हासच्या गढूळ पुरात मनोऱ्यावरून मासे मोजता येणार नाहीत. त्याची गरजही नाही. वाड्यावस्त्यांवर लोक दर वर्षी मासे पकडतातच. बंधाऱ्याच्या खाली कोणता मासा मिळाला आणि वर कोणता मिळाला नाही, एवढी नोंद त्यांच्याकडून रोजंदारी देऊन करून घेतली, तर नदी कुठे तुटली आहे ते एका पावसाळ्यात कळेल. पावसाळ्यात बदलापूरला उल्हासची पातळी रात्रंदिवस मोजतात. १७.५० मीटरला धोक्याची घंटा होते. त्या नोंदीशेजारी माशांचा एक रकाना आखायला खर्च फारसा नाही. कातकऱ्यांना तो भरता येतो. त्यांना विचारायला हवं, एवढंच.